पट्टा तुम्हीच मारला, कॅमेराही तुम्हीच लावला: वाहतूकवाल्या मंडळींना खुलं पत्र

वेगमर्यादा ठरवणाऱ्या, रस्ते डिझाईन करणाऱ्या, त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या आणि कडेला कॅमेरे लावणाऱ्या समस्त साहेब आणि मॅडम मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, दंड भरलाय. त्यामुळे चलन माफ करा, पैसे परत द्या असलं काही मागायला हे पत्र नाहीये. ८० च्या रस्त्यावर तुमच्या कॅमेऱ्याने मला ९७ ला पकडलं, मशीन बरोबर होतं, नंबर प्लेट माझीच होती, तो विषय तिथेच संपला. पण ओव्हरटेक करताना आलेलं चलन आणि मोकळ्या रस्त्यावर मस्तीत गाडी पळवताना आलेलं चलन, या दोन्हींचा कागद तुमच्याकडे अगदी सेम टू सेम निघतो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी झूम करकरून बघितलाय. माझ्या गाडीची मागची बाजू एकदम क्लिअर, खाली काळ्या पट्टीत तारीख, वेळ, लिमिट ८०, मोजलेला वेग ९७. आणि फोटोच्या अगदी कडेला अर्धी कापली गेलेली दोन मोठी चाकं दिसतात, त्यांच्यामागे चिखलाने भरलेला, एका बाजूने फाटलेला मडफ्लॅप लोंबतोय. तो मडफ्लॅप म्हणजे या केसमधली दुसरी पार्टी बरं का. लोखंडी पाईप भरलेला लांबलचक ट्रेलर, चढ आला की ४० वर यायचा आणि सपाटीला कसाबसा ६० ला जायचा, आणि त्याच्या मागे मी, माझ्या मागे अजून गाड्यांची ही मोठी रांग, आणि रस्त्याच्या मधोमध सलग पट्टा, म्हणजे ओव्हरटेकला मनाई, वळण संपलं की चढ, चढ संपला की परत वळण. मग एकदाचा रस्ता सरळ झाला, पट्टा तुटक झाला, म्हणजे ओव्हरटेकला परवानगी, समोर लांबवर एक गाडी दिसत होती पण भरपूर लांब, मी गिअर खाली घेतला, गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. नेमका त्याच सरळ तुकड्याच्या मध्यात तुमचा खांब.

कॅमेरा सरळ रस्त्यावरच का लावतात ते मला कळतं. तिथे लोक पळवतात, तिथे फोटो नीट येतो, मोजमाप सोपं जातं. पण टू लेन रस्त्यावर ओव्हरटेकला परवानगी पण फक्त तिथेच असते ना! म्हणजे मागचे कित्येक किलोमीटर जे करायला तुम्ही मनाई केलेली असते ते जिथे करा म्हणून सांगता, त्याच जागी ते करताना पकडायची सोय करून ठेवता. मुद्दाम करता असं मी म्हणत नाही, माझा अंदाज आहे की पट्टेवाले आणि कॅमेरेवाले एका टेबलावर कधी बसतच नाहीत.

आता मला जे नेहमी ऐकवतात ते म्हणजे "ओव्हरटेक कर की, पण लिमिटमध्ये राहून कर". ऐकायला छान वाटतं. जरा हिशोब करू. ट्रेलर ६० ने चाललाय आणि मी शहाण्यासारखा ८० ने त्याला काढायचं ठरवलं. फरक २० किमीचा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. मला त्याच्या तुलनेत पुढे किती सरकायचंय? मागे सोडलेलं अंतर २५ मीटर, ट्रेलर १६ मीटरचा धरा, माझी गाडी ४, आणि त्याच्या तोंडासमोर कट न मारता नीट अंतर ठेवून आत यायचं तर अजून २५. झाले ७० मीटर. त्याला लागतात साडेबारा सेकंद. तेवढ्या वेळात ८० च्या वेगाने मी २८० मीटर जातो, आणि समोरून कोणी ८० नेच येत असेल तर तोही माझ्याकडे २८० मीटर येतो. म्हणजे निघताना मला ५६० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. तेच मी १०० ने काढलं तर फरक दुप्पट, वेळ निम्मा, सव्वासहा सेकंद, मी १७५ मीटर जातो, समोरचा १४० येतो, टोटल ३१५.

आणि हे ट्रेलर ६० ला राहिला तर. पण तो राहत नाही! सरळ रस्ता लागला की त्याचाही पाय जड होतो, चढाने आणि वळणाने अडकलेला तोही माणूसच आहे, तो ७० ला जातो. आता ८० ने काढायला लागतात पंचवीस सेकंद. समोरच्याच्या लेनमध्ये पंचवीस सेकंद, साहेब. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि खुर्चीत नुसतं बसून पंचवीस सेकंद जाऊ द्या, मग कळेल ते किती लांब असतात. मोकळा रस्ता लागतो एक किलोमीटरच्याही वर, आणि एवढा सरळ आणि मोकळा तुकडा घाटाच्या किंवा डोंगराच्या रस्त्यावर कुठे मिळतो ते मला दाखवा. १०० ने गेलो तर तेच काम साडेआठ सेकंदांच्या आत होतं.

(हे हिशोब मी एकसारखा वेग धरून केलेत, खऱ्यात गाडीला वेग घ्यायला पण वेळ लागतो, म्हणजे खरे आकडे अजून वाईटच येणार.)

बरं, हे फक्त माझंच म्हणणं असतं तर तुम्ही म्हणाला असता की हा चलन आल्यावर गणित शिकला. पण गंमत पुढे आहे. रस्ता डिझाईन करताना तुमचेच इंजिनिअर ओव्हरटेकिंग साईट डिस्टन्स नावाचा आकडा काढतात, म्हणजे ओव्हरटेक सुरक्षित व्हायला समोरचा किती रस्ता दिसायला हवा तो. रस्ते बांधायची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या कोष्टकात ८० किमी वेगाच्या रस्त्याला हा आकडा ४७० मीटर आहे, १०० च्या रस्त्याला ६४०. हे ४७० कुठून आले? कॉलेजात शिकवतात तो हिशोब असा की पुढची हळू गाडी रस्त्याच्या डिझाईन वेगापेक्षा १६ किमी कमी वेगाने चाललीय, म्हणजे ६४ ने, मागचा ड्रायव्हर तेवढ्याच वेगाने तिच्यामागे आहे, दोन सेकंद तो विचार करण्यात घालवतो, मग बाहेर निघतो आणि परत आत येईपर्यंत सतत वेग वाढवत राहतो. ८० च्या वेगाला ही वाढ धरतात सेकंदाला ०.७२ मीटर प्रति सेकंद, आपल्या भाषेत दर सेकंदाला सुमारे २.६ किमी. विचाराचे दोन सेकंद सोडून ओव्हरटेकला दहा सेकंद लागतात. आकडे घालून बघितलं तर उत्तर जवळपास ४७० च येतं, मी घालून बघितले.

आता एक छोटी बेरीज करा. सुरुवात ६४, दर सेकंदाला २.६, दहा सेकंद. ६४ अधिक २६. नव्वद.

म्हणजे ज्या हिशोबावर रस्ता ओव्हरटेकसाठी सुरक्षित धरला जातो, त्याच हिशोबातली कागदावरची आदर्श गाडी ८० च्या रस्त्यावर आत येताना ९० ला असते! कागदावरच्या त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला पण तुमच्या कॅमेऱ्याने चलन पाठवलं असतं. आणि त्याने ८० च्या वर जायचंच नाही असं ठरवलं तर ४७० मीटर पुरणार नाहीत, जास्त लागतील. अमेरिकेत तर नो पासिंग झोनचे, म्हणजे ओव्हरटेकबंदीचे, पट्टे मारताना ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किमीच्याच रस्त्याला ८०० फूट दिसत असले तरी चालतं, म्हणजे जेमतेम २४५ मीटर, कारण तिथे धरलेलंच असतं की जमत नाहीये असं वाटलं तर ड्रायव्हर अर्ध्यातून परत मागे येईल. तेही ठीक आहे, परत मागे यायची अक्कल प्रत्येकाला असायला हवीच. पण कुठल्याही पद्धतीने बघा, डिझाईन करणारा एक वेग धरून चाललाय, कॅमेरा लावणारा दुसरा धरून चाललाय, आणि मधल्या फरकाचा दंड ड्रायव्हर भरतोय.

"मग मागेच राहायचं ना, घाई कसली?" हा प्रश्न पण येतोच आणि तो चुकीचा प्रश्न नाहीये. पुढची गाडी ७५ ने चाललीय आणि लिमिट ८० आहे तर तिला ओव्हरटेक करणारा माणूस माझ्या मते निव्वळ येडा आहे, वीस किलोमीटरमध्ये वाचतो एक मिनिट, आणि त्या एका मिनिटासाठी समोरच्या लेनमध्ये जायचं म्हणजे काय म्हणायचं. पण ६० वाला वेगळा. वीस किलोमीटरला पंधराऐवजी वीस मिनिटं, आणि नुसता वेळच नाही, मागे रांग वाढत जाते, रांगेतला प्रत्येकजण हळूहळू चिडत जातो, आणि मग रांगेत सहावा असलेला कोणीतरी हिरो एकदम पाच गाड्या आणि ट्रेलर मिळून काढायला बघतो. रांग लांबली की धोका वाढतो हे रोज गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

जर्मनीचा नियम मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तिथे कायदा म्हणतो की ज्याला ओव्हरटेक करायचंय त्याच्यापेक्षा तुमचा वेग बराच जास्त असला पाहिजे, आणि लिमिट पण ओलांडायची नाही. दोन्ही जमत असेल तर काढा, नाहीतर गप मागे राहा. कडक आहे पण निदान अर्थ लागतो, आणि मोजलेल्या वेगातून मशीनची चूक म्हणून १०० च्या खाली ३ किमी आणि वर ३ टक्के वजा करायची पद्धत पण ठरलेली आहे.

काही ठिकाणी उलटं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ५५ मैल किंवा जास्त लिमिटच्या टू लेन रस्त्यावर ओव्हरटेकपुरती १० मैलांची सूट आहे, आयडाहोत १५ मैलांची. वॉशिंग्टन राज्यात आकडा न देता असं लिहिलंय की ओव्हरटेक सुरक्षितपणे पूर्ण करायला लागेल तेवढाच जास्त वेग आणि लागेल तेवढ्याच अंतरासाठी चालेल. स्पेनमध्ये साध्या रस्त्यांवर ओव्हरटेक करताना २० किमी जास्तीची परवानगी होती, कित्येक वर्षं होती, ती त्यांनी मार्च २०२२ पासून काढून टाकली.

आता तुम्हाला वाटेल हा तीच सूट मागणार. नाही मागत. माझं स्पष्ट मत आहे की स्पेनने ती काढली ते बरोबर केलं. कारण सूट दिली की ती ओव्हरटेकपुरती राहत नाही, पुढचा ७८ ने चाललेला असला तरी सूट आहे ना म्हणून लोक बाहेर निघतात, आणि एकदा १०० ला गेलेला पाय परत ८० वर येत नाही, हे मला माझ्याच पायावरून माहितीये. शिवाय वेग वाढला की ठोकर पण मोठी बसते, १०० च्या गाडीतली ऊर्जा ८० वालीच्या दीडपटीहून जास्त असते, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीव जाणाऱ्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो. हे आकडे डोळ्यासमोर ठेवून सगळ्यांना सरसकट सूट द्या असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मग मागतोय काय? वेग मोजा, जरूर मोजा, पण क्षणाचा नका मोजू, रस्त्याच्या पट्ट्याचा, म्हणजे ठरावीक लांबीच्या अख्ख्या भागाचा मोजा. एका खांबाऐवजी दोन खांब लावा, मधल्या अंतराला किती वेळ लागला ते बघा, सरासरी काढा आणि त्यावर चलन पाठवा. हे काही नवीन नाही, ब्रिटनमध्ये १९९९ पासून आहे, इटलीत मोटरवेवर २००५ पासून आहे, नेदरलँड्समध्ये आहे.

ओव्हरटेकच्या बाबतीत याने काय होतं ते बघा. समजा दहा किलोमीटरचा पट्टा आहे. पहिले सहा किलोमीटर मी ट्रेलरच्या मागे ६० ने आलो, सहा मिनिटं. मग दहा सेकंद ९७ ला जाऊन त्याला काढलं आणि उरलेलं अंतर ८० ने गेलो, साधारण तीन मिनिटं. दहा किलोमीटर नऊ मिनिटांत, सरासरी सुमारे ६७. चलन नाही. आणि दुसरा एक माणूस, जो तुमच्या आत्ताच्या खांबापाशी ब्रेक मारून ७८ करतो आणि खांब गेला की परत ११० ला जातो, ज्याला त्या खांबाची जागा पाठ आहे, जो तुमच्या रेकॉर्डला आदर्श नागरिक आहे, त्याची सरासरी येते शंभरच्या वर. चलन त्याला. आत्ता याच्या बरोबर उलटं चाललंय, तुमचा खांब जो माणूस खांब बघत होता त्याला सोडतो आणि जो समोरून येणारी गाडी बघत होता त्याला धरतो. ओव्हरटेक करताना मी खांब शोधत बसावं अशी तुमची खरंच इच्छा आहे का?

जाता जाता, ज्या माणसाच्या नावावरून ब्रिटनसारख्या देशांत स्पीड कॅमेऱ्याला गॅट्सो म्हणतात तो मॉरिस गॅट्सोनिडेस डच रॅली ड्रायव्हर होता, १९५३ ची मोंटे कार्लो रॅली जिंकलेला, आणि वेग मोजायचं यंत्र त्याने बनवलं ते वळणावर स्वतः अजून जोरात कसं जाता येईल हे बघायला. म्हणजे या यंत्राचा जन्मच पळवायच्या हौसेतून झालाय.

पट्ट्याच्या सरासरीवर एक आक्षेप बरोबर आहे, तो मीच सांगतो म्हणजे कमेंटमध्ये कोणी सांगायला नको. सहा किलोमीटर ६० ने गेलो म्हणजे सरासरी "शिल्लक" पडली, मग उरलेले चार किलोमीटर १२० ने जाऊन ती शिल्लक उडवता येते, सरासरी तरी ७५ च येते. हे होणार, आपली माणसं हिशोबाला पक्की असतात. त्यावर उपाय म्हणजे पट्टे लहान ठेवा. तीन किलोमीटरचा पट्टा असेल आणि त्यात एक किलोमीटर ६० ने गेला, दोन किलोमीटर १०० ने गेला, तर सरासरी ८१ च्या वर जाते आणि तो अडकतो. ओव्हरटेकचे दहा सेकंद मात्र तीन किलोमीटरमध्ये पण सहज जिरतात. आणि सरसकट सगळे जुने खांब काढा असंही म्हणत नाहीये, शाळेसमोर, वस्तीत, चौकात एका जागेचाच वेग महत्त्वाचा असतो, तिथे ते राहू द्या, तिथे ओव्हरटेक करणाऱ्याला माझ्यातर्फे पण डबल दंड करा. बोलतोय ते वस्तीबाहेरच्या, मधे डिव्हायडर नसलेल्या, टू लेन रस्त्याबद्दल.

असा रस्ता आणि असा प्रयोग झालेला आहे. स्कॉटलंडमध्ये ए-नाईन नावाचा रस्ता आहे, त्याचे बरेच भाग टू लेन, आणि ओव्हरटेकमुळे होणाऱ्या अपघातांसाठी बदनाम. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डनब्लेन ते इन्व्हर्नेस सरासरी वेगाचे कॅमेरे सुरू केले. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच वेळी त्यांनी त्या रस्त्याच्या टू लेन भागांवर जड ट्रकची मर्यादा ताशी ४० मैलांवरून ५० मैल केली, म्हणजे ६४ वरून ८० किमी. कारवाल्यांना आवरायचं आणि ट्रकला थोडं मोकळं सोडायचं, म्हणजे ओव्हरटेक करायची गरजच कमी! पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये पण टू लेन रस्त्यांवर ट्रकची मर्यादा तशीच वाढवली. याला म्हणतात पूर्ण प्रश्न बघणं. एकाच रस्त्यावर कारला ८० आणि ट्रकला ६० अशी पाटी तुम्ही लावता तेव्हा ओव्हरटेकची ऑर्डर तुम्हीच दिलेली असते.

आता मडफ्लॅपवाल्या पार्टीबद्दल थोडं. हळू चालणं गुन्हा नाही, माल भरलेला असतो, चढ असतो, कोणी नवीन शिकलेलं असतं, कोणाच्या गाडीत आजारी माणूस असतं, त्यांनी हळूच चालावं. आणि पुष्कळदा हळू चालणाऱ्याला आपण हळू चालतोय हे माहीतच नसतं, कारण मीटर खोटं बोलतं. युनोच्या नियमाप्रमाणे, आणि हा नियम पुष्कळ देश पाळतात, गाडीचं स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही पण जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किमी इतकं जास्त. म्हणजे काटा ८० वर असताना गाडी खरी ७० च्या आसपास असली तरी ते नियमात बसतं. तो बिचारा समजतो मी लिमिटला आहे, मागून हा हॉर्न कशाला वाजवतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मधे मीटर.

पण एक गोष्ट गुन्हा आहे आणि ती पकडायला तुमच्याकडे काहीच नाही. कोणी ओव्हरटेक करत असताना आपला वेग वाढवायचा नाही, कडेला राहायचं, हे रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारापासून जवळपास सगळीकडच्या नियमांत आहे. माझ्या फोटोतला ट्रेलर मी शेजारी पोचलो तेव्हा ६० चा ७० झालेला होता. मी जे ९० ला संपवणार होतो ते त्याच्यामुळे ९७ ला संपलं, कारण त्या क्षणी दोनच पर्याय असतात, अजून दाबायचं किंवा ब्रेक मारून मागे यायचं, आणि मागची जागा तोपर्यंत रांगेतल्या पुढच्या गाडीने भरून टाकलेली असते. (तिला पण बोलून उपयोग नाही, तिलाही संधी बघायची होती.) कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला लिमिटच्या वर गेलेली गाडी दिसते, आणि ७० वाला लिमिटच्या आत असतो, त्यामुळे तो स्वच्छ.

कॅलिफोर्नियात टू लेन रस्त्यावर हळू चालणाऱ्याच्या मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या आणि ओव्हरटेक करणं सुरक्षित नसेल तर त्याने पुढची जागा मिळाली की बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ द्यायचं, असा कायदाच आहे. वॉशिंग्टनमध्ये पण आहे. पाच गाड्या, इतकं साधं, आरशात बघून मोजता येतं. पण त्यासाठी बाजूला व्हायला जागा लागते, आणि ती जागा रस्ता बांधताना सोडावी लागते, हे काम ट्रेलरवाल्याचं नाही. एवढं मोठं धूड कच्च्या साईडपट्टीवर उतरव असं त्याला सांगणारा मी कोण?

स्वीडनचं पण ऐकलं असेलच तुम्ही. १९९८ पासून ते जुने रुंद टू लेन रस्ते तीन लेनचे करतायत, मधे तारांचं बॅरिअर, एका बाजूला दोन लेन, दुसऱ्या बाजूला एक, आणि काही अंतराने हे उलटं. म्हणजे थोड्या वेळात प्रत्येकाची ओव्हरटेकची पाळी येते आणि समोरच्याच्या अंगावर जायचा प्रश्नच नाही, तारच आहे मधे. समोरासमोरच्या टकरी आणि त्यातले मृत्यू अशा रस्त्यांवर खूप खाली आले. याला पैसे लागतात, मान्य. म्हणून ते मी आज मागत नाही, दोन खांब आणि एक कॉम्प्युटर यांच्या मानाने ते महाग आहे. पण पुढे दोन किलोमीटरवर ओव्हरटेकची लेन आहे अशी नुसती पाटी जरी लावली तरी माणूस कळ काढतो, हे मी खात्रीने सांगतो. माणूस वेडेपणा करतो तो पुढे संधी कधी मिळेल ते माहीत नसतं म्हणून.

अजून एक छोटी मागणी, ती तर फुकटची आहे. चलनासोबत फोटो पाठवता तो कापू नका. पूर्ण फ्रेम पाठवा. रडार डॉपलरवर चालतं, लाटा गाडीवर आपटून परत येतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीत पडलेल्या फरकावरून वेग काढतात, आणि ओव्हरटेकच्या वेळी त्या झोतात दोन गाड्या असतात. माझ्या बाबतीत घोळ नव्हता, पण कोणाच्या तरी बाबतीत वेग एकाचा आणि नंबर दुसऱ्याचा असं व्हायला वाव आहे. ब्रिटनच्या जुन्या कॅमेऱ्यांत यासाठी अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचे आणि रस्त्यावर ठरावीक अंतरावर रेघा मारलेल्या असायच्या, म्हणजे गाडी किती रेघा पुढे गेली ते मोजून रडारचा आकडा डोळ्यांनी ताडून बघता यायचा. इतकी जुनी, इतकी साधी सोय. पूर्ण फ्रेम असेल तर ज्याला चलन आलं त्याला पण दिसेल आणि तुमच्या माणसाला पण दिसेल की ही गाडी पळत होती का कोणाला तरी काढत होती. चलन रद्द करा असं नाही, पण वर्षाच्या शेवटी मोजा तरी, अमुक खांबावरच्या चलनांपैकी किती फोटोंत शेजारी दुसरी गाडी आहे. एखाद्या खांबावर निम्म्याहून जास्त फोटोंत असेल तर तिथे वेगाचा प्रॉब्लेम नाहीये, त्याच्या मागच्या सलग पट्ट्याच्या लांबीचा आहे.

पत्राला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही हे मला माहितीये, पण द्यायचंच ठरवलं तर दंडाची कलमं पाठवू नका, ती चलनाच्या मागे छापलेली आहेत. त्या सरळ तुकड्यावर तुटक पट्टा मारताना पुढच्या गाडीचा वेग किती धरला होता आणि ओव्हरटेक करणाऱ्या गाडीचा शेवटचा वेग किती धरला होता, एवढे दोन आकडे कळवा. दुसरा आकडा ८० किंवा त्याच्या आत असेल तर पट्ट्याची लांबी टेप घेऊन मोजायला मी स्वतः येतो, तुमचा माणूस पण पाठवा. आणि ८० च्या वर असेल तर तोच कागद तुमच्या कॅमेरेवाल्या विभागाकडे फॉरवर्ड करा.

आपला,
एक दंड भरलेला वाहनचालक